डबीतला ओला बेल

१

जंगम अय्यांनी अप्पांच्या गळ्यातली चांदीची डबी उघडली आणि त्यांचा हात मध्येच थांबला.

आम्हा लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. माझ्या वडिलांना, अप्पांनाही पुढच्या सोप्यात भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं. कपाळभर भस्म, गळ्यात झेंडूचा हार. डबीतलं इष्टलिंग काढून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवायचं आणि समाधीला न्यायचं, एवढंच उरलं होतं. मी सांगलीहून पोहोचून जेमतेम तासभर झाला होता आणि अय्यांच्या अगदी जवळ बसले होते. म्हणून मला दिसलं.

लिंगाखाली बेलाचं पान होतं. ओलं. आणि लिंग गुंडाळायचं पांढरं फडकं डबीत नव्हतं.

"महानंदा, पूजा पुरी झाली नव्हती काय?" अय्यांनी हळू आवाजात मला विचारलं.

मागून माझा धाकटा भाऊ महांतेश म्हणाला, "झाली की. आंघोळ, पूजा, सगळं झालं. माझ्यासमोर पोहे खाल्ले, कागदावर अंगठा दिला, आणि जरा पडतो म्हणाले. ते उठलेच न्हाईत."

अय्यांनी पान बाजूला काढलं, लिंग धुतलं, ताजा बेल वाहिला आणि राहिलेली पूजा स्वतःच पुरी केली. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. बायका रडत होत्या, बाहेर गाडी लागली होती.

मी मात्र त्या पानाकडे बघत राहिले. अप्पांची पूजा मी लहानपणापासून पाहिलेली. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, वर बेल ठेवायचा आणि डोळे मिटायचे. मग बेल उतरवायचा, लिंग पुसायचं, फडक्यात घडी घालून डबीत ठेवायचं, डबी गळ्यात. हात धुवायचे. त्यानंतरच चहा. वर्षभर त्यांचे हात थरथरत होते, सहीऐवजी अंगठा द्यावा लागे, तरी ती घडी चुकली नव्हती.

ओल्या पानासकट लिंग डबीत कोंबणारे हात अप्पांचे नव्हते. मग ती डबी बंद कुणी केली?

२

आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, गुळाच्या जुन्या पेठेत. लोक त्याला शेट्यांची माडी म्हणत. पणजोबा गुळाच्या गाड्या घाट उतरून राजापूर बंदरात न्यायचे आणि येताना खारीक-सुपारी भरून आणायचे. एका वर्षी त्यांनी गलबतातून उतरलेलं मलबारी सागवान आणलं आणि त्यातून ही माडी उभी राहिली, असं घरात सांगत. खाली पेढी आणि मागं स्वयंपाकघर, वर राहती जागा, रस्त्यावर झुकलेला कोरीव सज्जा. गुळाचा बाजार मार्केट यार्डात गेला तरी माडी तशीच ताठ उभी राहिली. खांबांना दरवर्षी तेल लागे, दारांवरचे पितळी गोळे लखलखत, फरशीत तोंड दिसे.

ती विकायची असं तीन वर्षं चाललं होतं. १९९६ साली महांतेशनं 'विकणे आहे' ही पाटी आणून लावली. अप्पांनी ती काढली नाही, पण विकलंही नाही. गिऱ्हाईक आलं की ते काठी टेकत त्याला सगळी माडी फिरवून दाखवत, सागवानाची गोष्ट सांगत, गूळ-पाणी देत आणि दारापर्यंत सोडताना म्हणत, "पावणं, परत या. पण इकायची न्हाय." त्यांना त्यात मजा येत असावी. महांतेशला येत नव्हती. त्याचं गारगोटीला खताचं दुकान होतं आणि त्याला ते वाढवायचं होतं.

मलाही विकायची होती. मी सांगलीत शिकवते. तिथं माझं स्वतःचं घर आहे. आदल्या संध्याकाळी मीच अप्पांना फोन केला. म्हणाले, "अप्पा, आता पुरे झालं. कागद तयार आहे, अंगठा देऊन टाका. आम्हाला किती दिवस असं टांगून ठेवणार?" ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते गेले.

समाधीनंतर दुसऱ्या सकाळी महांतेशनं मला साठेखत दाखवलं. खाली अप्पांचा जांभळा अंगठा, पेढीच्या जुन्या पॅडच्या शाईतला. साक्षीदार म्हणून महांतेशची आणि एजंट आकारामची सही. माडी पाडून दुकानं आणि फ्लॅट होणार होते, आणि त्यातल्या तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर अप्पांच्या बहिणीच्या, रत्नव्वाआत्तीच्या नावे होणार होतं.

"बघ, आत्तीचीबी सोय केली अप्पांनी," महांतेश म्हणाला. "अक्का, तुझ्या फोननं काम झालं. न्हाईतर म्हातारा कुणाचं ऐकतोय?"

तो कौतुकानंच म्हणाला. मला मात्र बसावं लागलं. ज्या माणसानं तीन वर्षं सगळ्यांना परत पाठवलं, त्यानं माझ्या एका फोनवर मान तुकवली असेल आणि तासाभरात त्याचं काळीज थांबलं असेल, तर त्याचा जीव माझ्या फोननं घेतला होता. आणि तसं झालं नसेल, तर मेलेल्या माणसाला कुणीतरी फसवलं होतं. दोन्हींतलं एक खरं होतं. ते कळल्याशिवाय मला सांगलीला जाता येणार नव्हतं.

मी अप्पांच्या खोलीत गेले. पलंगाशेजारच्या कोनाड्यात झाकण घातलेली काचेची वाटी होती. झाकण काढलं.

पोहे खाऊन पडलेल्या माणसाचे दात वाटीत होते.

३

गणपतराव अप्पांचे जुने मित्र. फौजदार म्हणून निवृत्त झालेले, कसबा बावड्यात ऊस आणि दोन म्हशी सांभाळून असलेले. तिसऱ्या दिवशी ते भेटायला आले तेव्हा मी त्यांना पेढीच्या खोलीत बसवलं आणि पान, फडकं, दात, सगळं सांगितलं.

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पडायच्या आदी दात काढलं असतील."

"अप्पा दिवसा दात काढत नव्हते. रात्रीच काढायचे. सकाळी पूजा झाली की चहाच्या आधी लावायचे."

"आणि पान? म्हातारपणी इसरतंय माणूस. मी परवा म्हशीचं दावं हातात घिऊन दावं हुडकत हुतो."

"काका, तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

"न्हाय," ते म्हणाले. "पर तुला वाटतंय का ते बघायचं हुतं. आता सांग, हातात काय दिसलं तुला? मेल्या माणसाचं हात पैल्यांदा बघायचं असत्यात."

आंघोळ घालताना मी त्यांचे हात हातात घेतले होते. आठवायला वेळ लागला नाही. "डाव्या अंगठ्याला शाई होती. पुसलेली, पण होती. आणि त्याच तळहाताच्या रेषांत भस्म."

"उजव्यात?"

"काही नाही."

गणपतरावांनी स्वतःचा डावा तळहात उलटून बघितला. मग म्हणाले, "बोलव तुझ्या भावाला."

महांतेश आला आणि दारातच उभा राहिला. अप्पांच्या मित्रांपुढं बसायला त्याला लहानपणापासून अवघडतं.

"बस की," गणपतराव म्हणाले. "खतवाल्यास्नी खुर्ची चालत न्हाय व्हय?"

"काका, अक्कानं काय डोक्यात घेतलंय ते मला कळतंय. पण मी स्वतः होतो. सकाळी आकाराम आणि मी आलो. अप्पा पलंगावर बसले होते. पोहे खाल्ले. मी पॅड धरलं, त्यांनी अंगठा दिला."

"कुठला?"

"डावा. पुरुषाचा डावाच घेत्यात. तुम्हाला काय सांगायचं?"

"पोहे कसं हुतं?"

"म्हंजे?"

"मऊ का कडक? शेंगदाणं हुतं का?"

"होते की. आत्ती घालतीच."

"आणि म्हाताऱ्यानं शेंगदाणं चावलं."

महांतेशनं माझ्याकडं बघितलं. मी वाटी टेबलावर ठेवली. त्यानं काचेतून आतले दात ओळखले आणि त्याचा चेहरा उतरला.

"मला दुकानात जायचंय," तो म्हणाला, आणि निघून गेला.

४

दुसऱ्या दिवशी धुण्याभांड्याला येणारी झुंबरबाई परसदारी दगडावर बसून भांडी घासत होती. गणपतरावांनी तिच्यासमोर उकिडवं बसून चौकशी केली.

"त्या दिवशी आलतीस नव्हं?"

"आलतो की. आत्तीबाईंनी दारातनंच परत धाडलं. आज ऱ्हाऊ दे म्हणल्या, पावणं येणार हैत. म्हणलं पावणं येणार मंजी भांडी जास्त, मग परत कशाला धाडतायसा? तर दार लावलं तोंडावर."

"असं करत्यात व्हय त्या?"

"जल्मात न्हाय. एक दिस न्हाई आलं तर माझ्या सात पिढ्या काढत्यात. दुपारी बोलावणं आलं तवा अप्पा गेलतं. मग भांडी घासली. पोह्याच्या दोन बश्या, दोन कप. मी म्हणलं, अप्पांची बशी कुठं? आत्तीबाई काय बोलल्याच न्हाईत. रडत हुत्या वो, कोण इचारतंय बशीचं."

आकाराम संध्याकाळी स्वतःच आला. पांढरी सफारी, हातात चामडी पिशवी. दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करून तो आला आणि पाच मिनिटांत खांबाच्या सागवानावर टिचक्या मारून बघू लागला.

"लाकडाचं येगळं गिऱ्हाईक हाय ताई. बेळगावचं. तेवढं नंतर बोलू."

"आकाराम, साक्षीदार म्हणून सही तुझी," गणपतराव म्हणाले. "अंगठा घेतला तवा तू कुठं हुतास?"

"हितंच. सोप्यात."

"मंजी बघितलं न्हाईस."

"फौजदारसाब, साक्षीदारानं बघायचं असतं तर कोल्हापुरातली निम्मी साठेखतं झालीच नसती." त्यानं हसून बघितलं. आम्ही हसलो नाही. "कागद आदल्या संध्याकाळीच देऊन गेलतो, वाचून ठिवा म्हणून. सकाळी आम्ही आलो. चहा-पोहे झालं. महांतेशराव आत गेलं आणि कागद घिऊन भाईर आलं, अंगठ्यासकट. मी सही केली. म्हाताऱ्याचं तोंडबी बघितलं न्हाय."

"आत्तीच्या घराचं कलम अप्पांनी घालायला सांगितलं?" मी विचारलं.

"छ्या. ते मीच घातलं. घरात आपल्या बाजूनं कोणतरी पायजे की, ताई. धंद्याची रीत हाय." तो पिशवी उचलून उठला. "मालकांनी कागदाला हातच लावला नव्हता आदल्या दिवशी. म्हणलं, कोनाड्यात ठीव आणि जा."

तो गेल्यावर गणपतराव म्हणाले, "झालं. आत गेला महांतेश, कागद घिऊन आला महांतेश, खोटं बोलला महांतेश. बाप आत मरून पडलेला बघितला, अंगठा टेकवला आणि भाईर येऊन चहा प्याला. पोरी, तुझा भाऊ आत जातोय. मी रिटायर हाय म्हणून काय झालं, माझ्या दोस्ताचा अंगठा हाय त्यो."

५

आकाराम गेल्यावर मी बराच वेळ वरच्या खोलीत बसून होते. गणपतराव सज्ज्यात तंबाखू मळत होते. त्यांना बावड्याला जायची घाई नव्हती.

"काका, एक विचारते. अंगठा डावाच का घेतात?"

"पद्धत. बाईचा उजवा, बाप्याचा डावा. अर्जनवीससुद्धा दुसरा घेत न्हाय."

"आणि लिंग डाव्या तळहातावर असतं."

ते मळायचे थांबले.

"ते पूजेत बसले होते," मी म्हणाले. "गुडघे वळत नाहीत म्हणून पलंगावरच बसायचे, तक्क्याला टेकून. लिंग हातावर, वर बेल, डोळे मिटलेले. तसेच गेले. लिंग हातातच राहिलं. अंगठा घ्यायचा तर तो हात रिकामा करायला हवा. म्हणून ते उचलून डबीत ठेवलं. हात धुतलेला नव्हता, म्हणून भस्म तसंच राहिलं आणि त्यावर शाई आली."

"तेच तर म्हणतोय मी. महांतेशनं—"

"महांतेशनं नाही."

"का? भाऊ म्हणून?"

"पान खाली होतं, काका. वर नाही."

त्यांना कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच, ते आमच्यातले नव्हते. मी त्यांना समोर बसवलं, टेबलावरची सुपारी माझ्या डाव्या तळहातावर ठेवली आणि त्यावर विड्याचं पान ठेवलं.

"आता ही सुपारी उचलून डबीत ठेवा."

त्यांनी पान उडवलं आणि सुपारी चिमटीत उचलली.

"महांतेशनं हेच केलं असतं. कॉलेजात गेल्यावर त्यानं गळ्यातलं लिंग काढून ठेवलं, त्याला त्याचं काही नाही. आकारामनंही हेच केलं असतं. घाईत असलेला कुठलाही माणूस असंच उचलेल. पान पडलं असतं, किंवा राहिलं असतं तर वर राहिलं असतं. खाली कधी जाईल?"

त्यांनी सुपारीकडं पाहिलं. मग ती परत माझ्या तळहातावर ठेवली, पान कडेनं तिच्याखाली सरकवलं आणि पानावर पेलून ती उचलली.

"बोट लावायचं नसंल तर," ते सावकाश म्हणाले.

"हो. आमच्या घरात दुसऱ्याच्या लिंगाला हात लावत नाहीत. ज्याचं त्याचं. बायको नवऱ्याच्या लावत नाही, आई मुलाच्या लावत नाही. फक्त अय्यांनी लावायचा. मी पाच वर्षांची असताना अप्पांची डबी उघडून बघितली होती, तर मला फडाफड मार बसला होता. मेल्या माणसाचा अंगठा कागदावर टेकवायला जिचा हात कचरला नाही, तिला त्याच्या लिंगाला बोट लावायचं धाडस झालं नाही. पुसता येत नव्हतं, फडक्यात गुंडाळता येत नव्हतं. तिनं पानावर पेलून ते डबीत ठेवलं."

"मार कुणी दिलता तुला?" गणपतरावांनी विचारलं.

खालून स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"आत्तीनं," मी म्हणाले.

६

रत्नव्वाआत्ती अप्पांची धाकटी बहीण. निपाणीला दिली होती, ऐन विशीत परत आली, आणि मग इथंच राहिली. आम्ही दोघं तिच्या हाताखाली वाढलो.

मी एकटीच खाली गेले. गणपतरावांना वर थांबायला सांगितलं. आत्तीनं माझ्याकडं न बघता पाट सरकवला.

"बस. गरम हाय तोवर खा."

"आत्ती, अप्पा पूजेतच गेले ना?"

तिनं भाकरी उलटली. फुगेपर्यंत थांबली, उतरवली, माझ्या ताटात टाकली.

"व्हय," ती म्हणाली.

एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"पाणी घिऊन गेलतो. डोळं मिटलेलं. म्हणलं, लागलंय ध्यान. परत गेलो तरी तसंच. हात लावला तर गार." ती चुलीतला जाळ मागं ओढत बोलत होती. "तितंच कोनाड्यात कागद हुता. रडायच्या आदी मला कागद दिसला. खोटं कशाला बोलू."

"महांतेशला माहीत होतं?"

"त्याला काय म्हाईत? त्यो आला तवा म्हणलं, दिला अंगठा, आता पडलाय, उठवू नगं. त्यानं कागद घितला आणि सुटला. आत डोकावलाबी न्हाय. बाप उठून नगं म्हणंल ह्याची भ्या वाटली असंल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तितं बसून पोहं खाल्लं त्यानं. मी वाढलं. माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाय त्यानं."

म्हणजे महांतेशचं खोटं वेगळं होतं. न बघता सही केली, आणि मग बघितलंच म्हणून अडून बसला. दाराच्या आत बाप गेलेला होता आणि तो बाहेर चहा पीत होता, हे त्याला दात बघून कळलं असावं. तेव्हापासून तो फिरकला नव्हता.

"आत्ती, तुला घर हवं होतं तर मला सांगायचं होतंस."

आता तिनं माझ्याकडं बघितलं.

"तुला? कवा? वर्सातनं दोनदा येतीस. माडीचं फोटो काढतीस. खांबावर हात फिरवतीस, किती गुळगुळीत गं म्हणतीस. कोण करतंय गुळगुळीत? वर्साला त्याल कोण लावतंय? पितळ कोण घासतंय? तुझा बा गिऱ्हाइकास्नी माडी दावत फिरायचा, त्येंच्यामागं गूळ-पाणी कोण आणायचं? त्यो इकणार न्हाय, मंजी मी झाडत ऱ्हायचं. तुमी इकणार, मंजी मी रस्त्यावर. कुणी इचारलं व्हय मला, रत्नव्वा, तुला काय पायजे?"

तिनं बोलणं थांबवलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली. पीठ मळताना तिची बोटं वाकडी दिसली. सांधे सुजलेले होते. ते किती दिवसांचे होते, मला ठाऊक नव्हतं.

बऱ्याच वेळानं मी विचारायचं ते विचारलं. "माझा फोन झाल्यावर अप्पा काही म्हणाले?"

"म्हणला की."

"काय?"

"आइकवंल व्हय तुला?"

"सांग."

"म्हणला, महानंदालाबी इकायचंय. मग इकतीलच. मी गेल्यावर इकू देत, माझ्या हातनं न्हाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मी तितंच हुतो, आंथरूण घालत. मी गेल्यावर तू कुठं जाशील, असं म्हणंल म्हणून थांबलो. त्यो झोपला."

त्यांनी मान तुकवली नव्हती. माझ्या फोननं अंगठा मिळवला नव्हता. गेले दोन दिवस ज्या एका वाक्यासाठी मी सगळ्यांना खोदून विचारत होते, ते मिळालं होतं, आणि छातीवरचं ओझं तिथंच होतं. फोनवर मी किती बोलले होते. कागद, किंमत, महांतेशचं दुकान, आमचं टांगून राहणं. त्यात आत्तीचं नाव मीही एकदासुद्धा घेतलं नव्हतं.

"पोलिसांत देतीस?" आत्तीनं विचारलं. "वर बसलाय तो त्याच्यासाठीच हाय नव्हं?"

७

गणपतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखूची चिमूट खिडकीबाहेर टाकली.

"गुन्हा हाय. मोठा हाय. पर फिर्याद वारसांनी द्यायची. देतीस?"

"नाही."

"मग कागद?"

"तो जाईल."

"त्यो गेला की म्हातारीचं घर गेलं. ध्यानात हाय नव्हं?"

ध्यानात होतं. खोटा अंगठा ठेवला तर आत्तीला घर मिळत होतं, आणि अप्पांनी नाही म्हटलेलं त्यांच्याच नावानं झालं असतं. फाडला तर अप्पांचा शब्द राहत होता आणि माडी आम्हा दोघांची होत होती. मग हवं तर आम्ही ती न विकता ठेवू शकलो असतो, अप्पांसाठी. दरवर्षी मी येऊन खांबांवरून हात फिरवला असता.

महांतेशला गारगोटीहून बोलावून घेतलं. तो आला, आत्तीसमोर उभा राहिला आणि तिला काहीतरी खूप कठोर बोलेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "मी आत यायला पायजे होतं."

"व्हय," आत्ती म्हणाली. "पर मी येऊ दिलं नसतं."

त्यानंच साठेखत फाडलं. आकारामला निरोप गेला. तो धावत आला, आधी चिडला, मग नरमला. गिऱ्हाईक पक्कं होतं.

"विकायचं आहे," मी म्हणाले. "पण आता विकणारे आम्ही आहोत. नवा कागद कर."

"आणि आत्तीबाईंचं कलम? ते ठेवू का काढू?"

मी आत्तीकडं वळले. हा प्रश्न तिला घरात पहिल्यांदा विचारला जात होता आणि तो मी विचारतेय याची मला लाज वाटत होती. "आत्ती, तुला काय हवंय?"

तिनं आधी पदर सावरला. कितीतरी वर्षं तयार असलेलं उत्तरही कुणी विचारलं की अडतं. मग म्हणाली, "ह्या जागंवर नगं. हितं मला परत खांब दिसतील. बावड्याच्या अंगाला नवी घरं हुत्यात. दोन खोल्या. फरशी साधी. आणि माझ्या नावावर. महांतेशच्या न्हाय, तुझ्याबी न्हाय."

"आम्ही आधी तेवढं बाजूला काढून देतो," महांतेश म्हणाला. "मग उरलं ते आमचं."

गणपतराव हसले. "बावड्यात माझी म्हस ओरडली तर तक्रार करायची न्हाय, रत्नव्वा."

"तुमची म्हस तुमच्यापरीस कमीच ओरडत असंल," आत्ती म्हणाली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा असं काही बोलली.

मार्चच्या शेवटी आम्ही कागद करायला गेलो. कचेरीच्या आवारात झाडाखाली अर्जनवीस टेबल मांडून बसला होता. त्यानं मसुदा वाचायला घेतला. लिंगैक्य चनबसाप्पा शेटे यांचे वारस, असं त्यानं सुरुवातीला वाचलं, आणि मी खाली बघितलं. मी गेल्यावर विकू देत, असं ते म्हणाले होते. त्यांना जाऊन दीड महिनाही झाला नव्हता. आता सही मीच करणार होते, माझ्या चांगल्या, न थरथरणाऱ्या हातानं. मला त्यात अप्पांचा होकार कुठं सापडला नाही, आणि मी शोधायचंही सोडलं.

पुढं वाचत तो दुसऱ्या कागदावर आला, बावड्याच्या घराच्या. "लिहून घेणार, रत्नव्वा—" त्यानं आत्तीच्या नवऱ्याचं नाव वाचलं, जे मी कधी ऐकलंही नव्हतं, मग आडनाव, वय, धंदा घरकाम.

बाकावर बसलेली आत्ती पुढं सरकली.

"परत वाच की," ती म्हणाली.

अर्जनवीसानं चष्म्यावरून बघितलं. "काय चुकलं का, मावशी?"

"न्हाय. परत वाच."

त्यानं परत वाचलं.